रिमोट नेमका कधी शोधला जातो?

मागच्या महिन्यात इनामगावात एका घरी आजींचा रक्तदाब तपासायला गेलो होतो. रात्रीचे साडेआठ वाजले होते. घरातली सगळी माणसं, लहानथोर, टीव्हीसमोर जेवत होती. मालिकेतला नवरा नव्या बायकोचा हात पिरगाळून तिला खोलीत ओढत होता आणि ती "सोडा मला" म्हणत होती. दार बंद झालं. पुढच्या दृश्यात सकाळ झाली होती. ती ओल्या केसांनी चहाचा ट्रे घेऊन आली आणि लाजली. आजी म्हणाल्या, "चला, जुळलं एकदाचं पोरांचं."

मग जाहिराती लागल्या. तिसरी जाहिरात कॉन्डोमची होती. तिच्यात एक जोडपं नुसतं गप्पा मारत बसलेलं होतं. पण आजोबा खेकसले, "अरं, बदल की ते! पोरंसोरं बसल्यात." रिमोट सापडेना. सुनेनं टीव्हीच बंद केला. आठवीतला नातू मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिला.

मी आजींच्या दंडाला पट्टा बांधत होतो. मनात आलं, या घरानं आत्ता दोन गोष्टी पाहिल्या. पहिलीत एका बाईवर जबरदस्ती झाली आणि ती गोड करून दाखवली गेली. दुसरीत रोग आणि नको असलेलं गरोदरपण टाळायचा उपाय होता. पहिलीच्या वेळी सगळे निवांत जेवत होते, दुसरीच्या वेळी टीव्ही बंद झाला. त्या मुलानं यातून काय शिकावं?

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टीव्हीवर "अश्लील" असतं म्हणून आपलं लैंगिक आरोग्य बिघडलेलं नाही. ज्याला आपण "घरात सगळ्यांनी मिळून बघण्यासारखं" म्हणतो, त्यानंच ते जास्त बिघडवलं आहे. त्याचे रुग्ण मी रोज तपासतो.

टीव्हीचा खरंच परिणाम होतो का?

"मालिका बघून कोणी बिघडत नाही, लोक करमणूक म्हणून बघतात," असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना आधी उत्तर देतो.

रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या पाच राज्यांतल्या खेड्यांचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत केबल टीव्ही नव्यानं पोचला, तिथं बायकांची उत्तरं बदलली. नवऱ्यानं मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, जननदरही खाली आला. ब्राझीलमध्येही मालिकांतली छोटी कुटुंबं बघत बघत प्रत्यक्षातली कुटुंबं छोटी झाल्याचं अभ्यासकांनी दाखवलं. नायजेरियात एमटीव्हीची "शुगा" ही तरुणांसाठीची मालिका ज्यांना दाखवली, त्यांच्यात एचआयव्हीची तपासणी करून घेण्याचं प्रमाण वाढलं.

म्हणजे टीव्हीनं भलं केलं आहे, आणि मी ते नाकारत नाही. पण जे माध्यम इतकं भलं करू शकतं, त्याला "आम्ही फक्त करमणूक करतो" असं म्हणून हात झटकता येत नाहीत. औषधाला गुण असेल तर दुष्परिणामही असतात. ते विचारणं डॉक्टरचं काम आहे.

आपल्याकडे ही ताकद सरकारला फार पूर्वी कळली होती. जुलै १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेली "हम लोग" ही मालिका कुटुंबनियोजनाचा विचार घरोघरी पोचवण्यासाठीच आखली होती. मेक्सिकोत असा प्रयोग यशस्वी झाला होता, त्यावरून ही कल्पना आली. सुरुवातीला उपदेश जास्त झाला, प्रेक्षक कंटाळले. मग गोष्ट पुढे आणली आणि उपदेश मागे ठेवला. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलायचे. त्याच काळात निरोध आणि माला-डीच्या जाहिराती आजी-आजोबांच्या देखत लागायच्या. आपल्याकडे बऱ्याच गावांत टीव्ही ग्रामपंचायतीत असायचा, म्हणजे अख्खं गाव मिळून त्या जाहिराती बघायचं. त्यानं कुणाची संस्कृती बुडाल्याचं मला आठवत नाही.

१९९२ नंतर खासगी वाहिन्या आल्या, १९९९ ला अल्फा मराठी आली. कपडे बदलले, घरं मोठी झाली, भाषा शहरी झाली. पण शरीराबद्दलची माहिती मात्र जवळजवळ शून्यावर आली. तिची जागा कशानं घेतली ते आता एकेक प्रकार घेऊन बघू.

कौटुंबिक मालिका: चार खोटे धडे

पहिला धडा पहिल्या रात्रीचा. फुलांनी सजवलेला पलंग, केशरी दूध, घाबरलेली नवरी आणि सगळं माहीत असलेला नवरा. बाईनं घाबरायचं आणि पुरुषाला सगळं यायलाच हवं, हे त्यात गृहीत असतं. माझ्याकडे लग्नानंतर महिना-दीड महिन्यानं येणारी जोडपी याच ओझ्याखाली दबलेली असतात. नवरा थकलेला, धास्तावलेला असतो. त्याला पहिल्या रात्री काही जमलं नाही की तो स्वतःला नामर्द समजून बसतो. मुलीला वेदना होतात, पण त्या होणारच असं समजून ती सोसते. दोघांनी एकमेकांशी बोलावं, घाई करू नये, आठ-पंधरा दिवस नुसते ओळखीत गेले तरी काही बिघडत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. संबंधाच्या वेळी दुखणं ही तक्रार आहे. तिला उपचार आहेत, ती बाईच्या नशिबाचा भाग नाही.

याच धड्याचा काळा भाग म्हणजे रक्ताचा डाग. पडद्यावर तो क्वचितच दाखवतात, पण "पवित्र", "निष्कलंक" हे शब्द सतत कानावर पडत असतात. एक सासूबाई सुनेला घेऊन माझ्याकडे आल्या आणि दार लावून विचारलं, "डाक्तर, हिला तपासून सांगा." मी तपासलं नाही. पुन्हा सांगतो, कौमार्य तपासणारी कोणतीही चाचणी वैद्यकशास्त्रात नाही. योनीपटल प्रत्येकीचं वेगळं असतं. अनेकींना पहिल्या संबंधात रक्त येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये ही तपासणी बंद करा असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात बलात्कारपीडितेची "दोन बोटांची चाचणी" करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं जाईल असं बजावलं. आपल्याच जिल्ह्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये, २०१८ साली कंजारभाट समाजातल्या तरुणांनी कौमार्य परीक्षेच्या प्रथेविरुद्ध आवाज उठवला आणि त्यासाठी मार खाल्ला. एका मालिकेत एका डॉक्टरनं सासूला शांतपणे "असं काही तपासता येत नाही" एवढं एक वाक्य सांगितलं असतं, तर माझ्यासारख्या शंभर डॉक्टरांच्या वर्षभराच्या बडबडीपेक्षा त्याचा उपयोग झाला असता.

दुसरा धडा गरोदरपणाचा. नायिकेला चक्कर येते, कुणीतरी नाडी धरतं आणि "गोड बातमी" देतं. नाडीवरून गर्भ कळत नाही. पाळी चुकल्यावर लघवीची साधी चाचणी करावी लागते, ती मेडिकलच्या दुकानात आणि सरकारी दवाखान्यात मिळते. मग खलनायिका जिन्यावर तेल सांडते किंवा दुधात काही मिसळते आणि गर्भ पडतो. याचा परिणाम असा की, ज्या बाईचा पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात होतो तिला घरचे विचारतात, "जिना चढलीस का? पाण्याची कळशी उचललीस का?" खरं काय आहे? पहिल्या तिमाहीतल्या निम्म्याहून अधिक गर्भपातांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. त्यात आईचा काही हात नसतो. या एका गैरसमजापायी दुःखात असलेल्या बाईला आपण आरोपी करतो.

तिसरा धडा मूल न होण्याचा. मालिकेत मूल होत नाही म्हणजे सुनेलाच होत नाही. मग नवस, उपास, सवत, टोमणे असे दोनशे भाग निघतात. प्रत्यक्षात मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. सगळ्यात सोपी, स्वस्त आणि आधी करायची तपासणी वीर्याची आहे. तरी माझ्याकडे बायका तीन-तीन वर्षं उपचार घेऊन येतात, दुर्बिणीची तपासणीसुद्धा झालेली असते, आणि नवऱ्यानं एकदाही नमुना दिलेला नसतो. का नाही दिला? "त्यांना कसं सांगायचं?" वीर्य तपासायला जाणारा नायक एखाद्या मालिकेनं दाखवावा. फार तर एका भागाचा खर्च येईल.

चौथा धडा मला सगळ्यात जास्त खुपतो. आपल्या मालिकांत कामेच्छा असते ती फक्त "दुसरीला". "माझ्या नवऱ्याची बायको" मधली शनाया, "आई कुठे काय करते" मधली संजना, "रात्रीस खेळ चाले" मधली शेवंता. घरातली बायको डबा करते, सोसते, शेवटी जिंकते, पण तिला स्वतःच्या नवऱ्याकडून काही हवं असू शकतं याचा कुठं पत्ता नसतो. चांगली बाई म्हणजे इच्छा नसलेली बाई, हा निकाल वर्षानुवर्षं रोज रात्री वाचून दाखवला जातो. त्यामुळे पस्तिशी-चाळिशीच्या बायका पाठदुखी, डोकेदुखी, अंगावरून पांढरं जाणं सांगत येतात आणि चौथ्या-पाचव्या भेटीला, पदर तोंडाशी धरून, खरी गोष्ट सांगतात. काहीजणी कधीच सांगत नाहीत.

आणि याच मालिकांबद्दल डॉक्टर म्हणून माझा एक साधा प्रश्न आहे. शेकडो भाग विवाहबाह्य संबंध चालतात, पण एकही पात्र रक्ताची तपासणी का करून घेत नाही? माझ्या दवाखान्यात असा संबंध अश्रू आणि पार्श्वसंगीत घेऊन येत नाही. तो जखम, लघवीची जळजळ, स्राव घेऊन येतो. बहुतेक वेळा तो बायकोच्या शरीरात सापडतो, जिला काहीच माहीत नसतं. अशा वेळी दोघांनाही एकदमच उपचार घ्यावे लागतात, नाहीतर रोग फिरत राहतो. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते आणि माहिती गुप्त ठेवली जाते. महाराष्ट्रानं एड्सनं माणसं गेलेली घरं पाहिली आहेत. तरीही मराठी मालिकेत दुसरीचा परिणाम फक्त मत्सर.

जिथं चांगलं झालं ते सांगायला हवं. "अग्गंबाई सासूबाई" नं विधवा सासूचं लग्न सुनेनं लावून दिलं. "आई कुठे काय करते" मधल्या अरुंधतीनं घटस्फोटानंतर पुन्हा संसार मांडला. माझ्या ओळखीच्या घरांत या दोन्हींवर वाद झाले, आणि वाद होणं हेच मोठं होतं. म्हणजे लेखकांना जमतं. जमतं तर ते वरचेवर का करत नाहीत?

विनोदी कार्यक्रम: हसून दाबलेलं

पुरुषाला साडी नेसवली की हशा. "त्याच्यात काही दम नाही" म्हटलं की हशा. नसबंदीचं नुसतं नाव काढलं तरी हशा. विनोदानं मोकळेपणा येतो हे मला मान्य आहे, आपल्या तमाशानं आणि वगानं ते पिढ्यान् पिढ्या केलं. पण तिथं बहुतेक वेळा सत्तेवर असलेल्याची टिंगल व्हायची. इथं टिंगल होते ती बायकी वागणाऱ्या पुरुषाची, जाड बाईची आणि ऑपरेशन करून घेणाऱ्या नवऱ्याची.

याचा हिशोब आकड्यांत दिसतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचा आकडा होता ०.३ टक्के. आता शस्त्रक्रियांची तुलना करा. बाईचं पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण घालावी लागते. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. पुरुषी ताकद, इच्छा, दाढी-मिशा, शेतातलं काम यांवर काही परिणाम होत नाही. फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून खात्री करायची. तरी बाईच ऑपरेशनला जाते. का, तर "त्यांना उसाचं काम असतं, अशक्तपणा येईल", आणि कट्ट्यावर पोरं हसतील.

गुन्हेगारी मालिका आणि बातम्या: अनोळखी माणसाची भीती

या कार्यक्रमांत अत्याचार करणारा बहुधा निर्जन रस्त्यावरचा अनोळखी माणूस असतो. मुलगी उशिरा बाहेर पडली, मोबाईलवर कुणाशी बोलली, घरच्यांशी खोटं बोलली आणि मग "ते" घडलं. शेवटी निवेदक सावध राहायला सांगतो. कुणी? मुलींनी.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची दरवर्षीची आकडेवारी वेगळंच सांगते. नोंदवलेल्या बलात्कारांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात पाहणी केलेल्या मुलांपैकी ५३ टक्क्यांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगेही मोठ्या प्रमाणात होते. त्यांना इजा करणारा माणूस कुठे सापडतो? घराच्या ओट्यावर, शिकवणीत, जत्रेला आलेल्या पाहुण्यांत. टीव्हीनं आपल्याला ओढ्याकाठच्या अंधारावर नजर ठेवायला शिकवलं आणि आपण घरातल्या उजेडाकडे पाठ केली.

भीतीचा दुसरा परिणामही बघा. मुलीची शाळा सुटते, कारण हायस्कूल दुसऱ्या गावाला आहे आणि "काय काय दाखवतात टीव्हीवर." शाळा सुटली की लग्न. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं. दर पाचात एकीहून जास्त. सतराव्या वर्षी गरोदर राहिलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन मी तपासतो, तेव्हा त्या कागदावर त्या भीतीचाही वाटा असतो.

इथंही एक चांगलं उदाहरण आहे. मे २०१२ मध्ये "सत्यमेव जयते" चा दुसरा भाग मुलांवरच्या लैंगिक अत्याचारावर होता. त्यात लहान मुलांना बसवून शरीराच्या कोणत्या भागांना कुणी हात लावायचा नाही, लावला तर काय करायचं, हे साध्या भाषेत शिकवलं. रविवारी सकाळी, सगळ्यांच्या समोर. त्याच महिन्यात संसदेनं पॉक्सो कायदा मंजूर केला. कुणीही म्हटलं नाही की मुलं बिघडली. मग तो एकच भाग का? दरवर्षी, प्रत्येक वाहिनीवर, तसा एक भाग का नाही?

मध्यरात्रीच्या जाहिराती

घर झोपलं की वेगळंच दुकान उघडतं. शक्तिवर्धक तेल, कॅप्सूल, यंत्र. पांढरा कोट घातलेला कुणीतरी "कमजोरी" बद्दल बोलतो. "हस्तमैथुनानं शरीर पोखरलं जातं", "वीर्य म्हणजे रक्ताचा अर्क" ही भीती आधी घालायची आणि मग तिच्यावरचं औषध विकायचं. खरं तर लैंगिक दुर्बलतेवरच्या औषधांची अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यानं मनाई आहे.

तुमच्यापैकी कुणी तरुण हे वाचत असेल तर लक्षात ठेवा. हस्तमैथुनानं अशक्तपणा येत नाही, नजर जात नाही, मूल होण्यात अडचण येत नाही. झोपेत वीर्य जाणं नैसर्गिक आहे. आणि चाळिशीपुढच्या पुरुषांसाठी: ताठरता कमी होणं ही कधीकधी मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा हृदयविकाराची पहिली खूण असते. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे अडथळा तिथं काही वर्षं आधी जाणवू शकतो. माझ्याकडे आलेल्या एका बागायतदारानं सात-आठ महिने अशा कॅप्सूल घेतल्या होत्या. जेव्हा साखर तपासली तेव्हा ती ३४० होती. ते सात-आठ महिने त्या जाहिरातीनं खाल्ले. शिवाय अशा "आयुर्वेदिक" गोळ्यांत काही वेळा सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडतं. हृदयासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्यानं ते घेतलं तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो.

आणि कॉन्डोमला रात्री दहानंतर

आता या सगळ्याच्या शेजारी एक सरकारी कागद ठेवा. ११ डिसेंबर २०१७ ला केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना सूचना दिली: कॉन्डोमच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा याच वेळेत दाखवा, मुलांवर वाईट परिणाम होतो. ओरड झाली, प्रकरण राजस्थान उच्च न्यायालयात गेलं, आणि दहा दिवसांनी मंत्रालयानं खुलासा केला की ही बंदी उत्तान जाहिरातींसाठी आहे, माहिती देणाऱ्यांसाठी नाही.

काही जाहिराती खरोखर उत्तान होत्या, हे मी मान्य करतो. त्यांत कॉन्डोम कशासाठी वापरायचा हे कळायचंच नाही. पण मुलांवरच्या परिणामाची एवढी काळजी होती, तर साडेआठच्या मालिकेतल्या जबरदस्तीला वेळ का ठरवून दिली नाही? वांझ म्हणून सुनेला घराबाहेर काढण्याच्या दृश्याला दहाच्या पुढे का नेलं नाही? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ ही हिंसा आहे. ती हिंसा जेवणाच्या वेळी चालते, संरक्षणाचं साधन मात्र मुलं झोपल्यावर दाखवायचं.

शाळेचंही तेच. २००७ मध्ये किशोरावस्था शिक्षणाच्या कार्यक्रमाला विरोध झाला आणि काही राज्यांनी तो गुंडाळला, त्यात महाराष्ट्रही होता. शाळेनं सांगायचं नाही, घरानं टीव्ही बंद करायचा, आणि मुलाच्या हातात मोबाईल. मग त्याला माहिती कुठून मिळते हे तुम्हीही जाणता. तिथं संमती नसते, कॉन्डोम नसतो आणि खरी शरीरंही नसतात.

"पण आपली संस्कृती..."

हा शब्द मला इनामगावात ऐकवला जातो तेव्हा गंमत वाटते. या गावाला, घोड नदीकाठच्या या पांढरीला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदून काढलं. इथं तीन हजार वर्षांपूर्वी शेती करणाऱ्यांची वस्ती होती. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणवाली पेटी निघाली. पेटीत स्त्रीची मूर्ती होती, आणि सोबत एक बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि बैल. अभ्यासक तिला मातृदेवता मानतात, बाळंतपण आणि मुलाबाळांच्या क्षेमाशी तिचा संबंध जोडतात. म्हणजे इथल्या माणसांनी बाईचं शरीर आणि जन्म देण्याची ताकद घरात आणून पुजली. आपण तीच गोष्ट घरातून हाकलली आणि तिला संस्कृती म्हणतो.

जवळचं उदाहरण हवं असेल तर र. धों. कर्वे घ्या. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, "समाजस्वास्थ्य" चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले. हीसुद्धा मराठी संस्कृतीच आहे. नव्वद वर्षांपूर्वी पोस्टकार्डावर विचारलेले ते प्रश्न आज माझ्या दवाखान्यात तसेच्या तसे येतात. मधल्या काळात घराघरात टीव्ही आला आणि तरी हे झालं.

"लोकांना तेच आवडतं" असं वाहिन्या म्हणतात. २०१४ पासून दूरदर्शनवर आलेली "मैं कुछ भी कर सकती हूँ" आठवा. मुंबई सोडून आपल्या गावी काम करायला गेलेल्या डॉ. स्नेहा माथुरची गोष्ट. कमी वयातलं लग्न, दोन मुलांतलं अंतर, पुरुषांची जबाबदारी, सगळं त्यात कथेतून आलं. लोकांनी ती पाहिली, तिचे तीन हंगाम झाले. गोष्ट चांगली असेल तर लोक बघतात.

मग करायचं काय?

मला सेन्सॉरशिप नको आहे. कात्री नेहमी चुकीच्या ठिकाणी चालते, कॉन्डोमच्या जाहिरातीनं ते दाखवून दिलं. मला मालिका लिहिणाऱ्यांकडून या पाच गोष्टी हव्या आहेत:

१. "नको" म्हणणाऱ्या बायकोचा नवरा दाराबाहेर थांबलेला दाखवा.
२. मूल होत नसेल तर पहिली तपासणी नवऱ्याची दाखवा.
३. गर्भपात झालेल्या बाईला डॉक्टर "तुझी काही चूक नाही" असं म्हणताना दाखवा.
४. विवाहबाह्य संबंधाच्या कथेत एकदा तरी रक्ततपासणी येऊ द्या.
५. बायकोला इच्छा असू द्या. त्यासाठी तिला खलनायिका करू नका.

यात एकही उत्तान दृश्य लागत नाही.

आणि पालकांनो, मालिका तुमच्या हातात नाही, रिमोट आहे. नको ते दृश्य आलं तर चॅनेल बदलू नका. एक वाक्य बोला. "ती नको म्हणतेय, तरी ओढतोय, हे चूक आहे." बस, एवढंच. कॉन्डोमची जाहिरात लागली आणि मुलानं विचारलं, तर म्हणा, "नको असताना मूल राहू नये आणि रोग होऊ नये म्हणून मोठी माणसं वापरतात." दहा वर्षांच्या मुलाला इतकं उत्तर पुरतं. जास्त विचारलं तर जास्त सांगा, नाही जमलं तर माझ्याकडे किंवा तुमच्या डॉक्टरकडे पाठवा. मूल कुणाच्या स्पर्शाबद्दल काही सांगू लागलं तर टीव्ही बंद करून आधी ऐका, त्याच्यावर विश्वास ठेवा. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत मदतक्रमांक आहे, तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

डॉक्टरांनाही सूट नाही. आपण "आणखी काही त्रास?" विचारतो आणि उत्तर यायच्या आत चिठ्ठी लिहायला घेतो.

त्या रात्री मी आजींचं औषध लिहून निघालो. तो नातू गेटपर्यंत बॅटरी दाखवायला आला. मोटरसायकलला किक मारणार, तेवढ्यात त्यानं हळूच विचारलं, "डॉक्टर, ते जाहिरातीतलं कशासाठी असतं?" मी गाडी बंद केली आणि तिथंच उभं राहून सांगितलं. पाच मिनिटं लागली. त्यानं दोन प्रश्न विचारले, दोन्ही समंजस होते. मग म्हणाला, "घरात सांगू नका हं, मी विचारलं म्हणून."

हे शेवटचं वाक्य ज्या दिवशी मुलांना बोलावं लागणार नाही, त्या दिवशी मी हा विषय सोडेन.